सीओपीडी असताना तब्येत सांभाळणं
सीओपीडी हा श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आणि फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या खराब होण्याचा आजार. लोक सरसकट 'दमा' म्हणतात, पण दम्यात नळ्या बऱ्याचदा परत मोकळ्या होतात, इथे झालेलं नुकसान भरून येत नाही. निदान स्पायरोमेट्रीने होतं, म्हणजे मशीनच्या नळीत जोरात फुंकायचं, आणि नळ्या मोकळ्या करायचं औषध ओढल्यावरही पहिल्या सेकंदात निघालेली हवा एकूण हवेच्या 70 टक्क्यांहून कमी भरली तर सीओपीडी धरतात.

विडी-सिगरेट हे मोठं कारण आहेच, पण पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की जगातल्या 25 ते 45 टक्के रुग्णांनी कधीच सिगरेट ओढलेली नसते. आपल्याकडे याचा अर्थ चूल. जन्मभर धुरात भाकऱ्या थापलेल्या आजीला धाप लागली की घरचे 'वय झालं' म्हणून सोडून देतात. तेव्हा पहिलं काम धूर बंद करणं, त्यात मच्छर कॉइल, धूप, उदबत्ती पण आली.

औषध मुख्यतः ओढायचं असतं, लोक त्याला पंप म्हणतात. 'पंपाची सवय लागते' ही भीती उगाच आहे, खरी अडचण पंप चुकीचा ओढण्याची. फवाऱ्याचा पंप हळू आणि खोल ओढायचा, पावडरचा मात्र जोरात, मग दोन्हीत दहा सेकंद श्वास रोखायचा. लोक नेमकं उलटं करतात, काहीजण तर पावडरची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळून टाकतात (खरंच). स्टेरॉइडवाला पंप असेल तर नंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी होते.

दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, बसून पायातली ताकद जाते, मग संडासापर्यंत जायलाही दम लागतो, आणि हे चक्र तोडायला चालण्याइतकं चांगलं काही नाही, थांबत थांबत का होईना. मोठ्या हॉस्पिटलांत यासाठी सहा ते आठ आठवड्यांचा पल्मनरी रिहॅबचा, म्हणजे फुफ्फुसाच्या रुग्णांना व्यायाम शिकवून करून घेण्याचा, कोर्स असतो. दम लागला की नाकाने श्वास घेऊन, ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा, फुंकर घातल्यासारखा, त्याने नळ्या मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर पडते. जिना चढताना पायरीवर पाय टाकताना श्वास सोडायचा, अंघोळ स्टुलावर बसून करायची. एकदम पोटभर जेवलं की पोट वर दाबतं म्हणून थोडं थोडं खायचं, पण वजन घटू द्यायचं नाही, डाळ-अंडी सोडू नयेत.

फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टर सांगतील तशी. बेडक्याचा रंग पिवळा-हिरवा झाला, बेडका वाढला किंवा धाप वाढली तर दोन दिवस वाट बघत बसू नये.

घरी ऑक्सिजन सगळ्यांना लागत नाही. ज्यांच्या रक्तात ऑक्सिजन कायमच फार कमी असतो त्यांना दिवसाचे किमान 15 तास लावायला सांगतात, आणि बऱ्याच रुग्णांत ऑक्सिमीटरवर 88 ते 92 आला तरी पुरतं, 98 दिसावा म्हणून घरच्यांनी मशीन वाढवलं तर काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येते. आणि नळी नाकात असताना गॅसजवळ किंवा देवापुढच्या दिव्याजवळ बसायचं नाही, निरांजन दुसऱ्या कुणीतरी लावावं.