वीणेला तेल पाजू नका

आपल्या मराठवाड्यात सप्ताह जवळ आला की देवळातली वीणा खाली निघते आणि कुणीतरी खोबरेल तेलाची वाटी घेऊन बसतं. 'लाकूड तेल पितं, वीणा टिकते, आवाज खुलतो,' हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय. तसं होत नाही.

पॉलिश असलेलं लाकूड तेल पीतच नाही. जवसाचं तेल हवेत वाळून घट्ट होतं, खोबरेल तसं वाळत नाही. ते वर चिकट राहतं आणि त्यावर धूळ, बुक्का, अष्टगंध बसून काळा थर धरतो. जिथं भेग आहे तिथं मात्र ते आत शिरतं, आणि पुढं दुरुस्तीच्या वेळी सरस तिथं धरत नाही. खुंटीला लागलं तर खुंटी घसरते, तार उतरते. खुंटी पकडावी म्हणून कारागीर खडू लावतात, आणि आपण नेमकं उलटं करतो!

स्पिरिट किंवा सॅनिटायझर तर त्याहून वाईट. जुन्या वाद्यांवर बहुधा चपडा लाखेचं पॉलिश असतं. ते स्पिरिटमध्येच विरघळवून लावतात, म्हणून स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं की सुटून येतं. फर्निचरच्या स्प्रेत सिलिकॉन असलं तर नवं पॉलिशही नीट बसत नाही.

सप्ताहात वीणा आळीपाळीनं धरतात, तो पहारा बदलताना मऊ, कोरड्या सुती फडक्यानं घाम पुसा, तारांखालची धूळ ब्रशनं काढा. आणि उन्हाळ्यात वीणा पत्र्याखाली टांगू नका. वीणेचा भोपळा तडकतो तो कोरड्या उष्णतेनं, तेल कमी पडलं म्हणून नाही.