पोर्टेबल फाइलवाचन

एका संगणकावर तयार झालेली फाइल दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर किंवा दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेतून उघडली तरी तीच माहिती हाती यावी, अशा बेताने प्रोग्राम लिहिणे म्हणजे पोर्टेबल फाइलवाचन. मागणी साधी वाटते. पण फाइलमध्ये असते ती फक्त ० ते २५५ या आकड्यांची, म्हणजे बाइटांची, रांग. ओळ कुठे संपली, एक अक्षर किती बाइटांचे, संख्या कोणत्या टोकाकडून वाचायची, हे ती रांग सांगत नाही. ते वाचणारा प्रोग्राम गृहीत धरतो, आणि गृहीतक चुकले तरी बहुतेकदा एरर येत नाही. चुकीचे उत्तर येते.

मराठवाड्यातल्या महसूल मंडळांच्या पावसाच्या नोंदींवर हे चांगले तपासता येते. समजा, जालना जिल्ह्यातल्या एका मंडळाचा रोजचा पाऊस मिलिमीटरमध्ये, दिवसाला एक बाइट याप्रमाणे साठवला आहे. सी भाषेतल्या प्रोग्रामने ही फाइल ‘टेक्स्ट मोड’मध्ये उघडली, तर लिनक्सवर सगळे दिवस नीट वाचले जातात. विंडोजवर मात्र १३ आणि १० हे लागोपाठचे बाइट ओळीचा शेवट मानले जातात आणि त्यांच्या जागी एकटा १० प्रोग्रामच्या हाती येतो. म्हणजे एके दिवशी १३ आणि दुसऱ्या दिवशी १० मिलिमीटर पाऊस पडला असेल, तर १३ ची नोंद गायब होते आणि पुढचा सगळा पावसाळा एक दिवस अलीकडे सरकतो. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की ती अतिवृष्टी धरतात. तो दिवसही मग चुकीच्या तारखेला दिसतो. त्याहून वाईट गत २६ ची. डॉस या विंडोजपूर्वीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळापासून २६ हा बाइट टेक्स्ट फाइलचा शेवट मानला गेला, आणि विंडोजवरच्या सीच्या टेक्स्ट मोडमध्ये ती प्रथा टिकून आहे. २६ मिलिमीटर पावसाच्या दिवशी वाचन थांबते; पुढचा हंगाम जणू झालाच नाही. अशी फाइल ‘बायनरी मोड’मध्येच, म्हणजे बाइट जसेच्या तसे मिळतील अशीच, उघडावी. लिनक्सवर दोन्ही मोड सारखेच असल्याने तिथे प्रोग्राम लिहिणाऱ्याला ही चूक कधी दिसतच नाही.

मजकुराच्या फाइलीत एन्कोडिंगचा, म्हणजे कोणत्या अक्षरासाठी कोणते बाइट याचा, प्रश्न येतो. युनिकोड ही जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारी पद्धत; ते क्रमांक बाइटांत लिहिण्याच्या यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘औसा’ हे नाव २२४, १६४, १४८; २२४, १६४, १८४; २२४, १६४, १९० असे नऊ बाइटांत बसते. पश्चिम युरोपीय कोडपेज, म्हणजे एका बाइटाला एक चिन्ह देणारा जुना तक्ता, गृहीत धरणाऱ्या प्रोग्रामला तिथे नऊ सुटी, भलतीच चिन्हे दिसतात. जावाने १८ व्या आवृत्तीपासून (२०२२) यूटीएफ-८ हे, वेगळे काही न सांगितल्यास वापरायचे, एन्कोडिंग ठरवले. त्याआधी ते सिस्टिमवर अवलंबून असे. त्यामुळे भाषा कोणतीही असो, फाइल उघडतानाच एन्कोडिंगचे नाव लिहावे. तुकड्यातुकड्याने वाचतानाही जपावे लागते. ४,०९६ ला तीनने भागले की एक उरतो. म्हणून निव्वळ देवनागरी मजकुराचा ४,०९६ बाइटांचा पहिला तुकडा अक्षराच्या मधोमध तुटतो. काही विंडोज प्रोग्राम फाइलीच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ची खूण म्हणून २३९, १८७, १९१ हे तीन बाइट ठेवतात. ते न काढल्यास तक्त्याच्या पहिल्या स्तंभाचे नाव दिसायला ‘मंडळ’ असते, पण ‘मंडळ’शी जुळत नाही.

देवनागरी अंकांचा धोका मला सर्वांत गंभीर वाटतो. ‘१२’ ही अक्षरे पायथन संख्या म्हणून स्वीकारतो, जावास्क्रिप्ट नाकारते आणि सीचे मजकुराची संख्या करणारे ‘एटूआय’ हे फंक्शन निमूटपणे शून्य देते. कोकणच्या जुलैतले शून्य लगेच खटकेल. बीड किंवा धाराशिवच्या नोंदीत ते कोणालाही खरे वाटते, आणि पाऊस झालेले मंडळ कोरडे ठरून जाते.

फाइलीच्या नावांचेही असेच आहे. लॅटिन लिपीतली लहान-मोठी अक्षरे लिनक्स वेगळी धरतो, विंडोज सहसा धरत नाही. देवनागरीत हा भेद नाही, पण ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातला ‘ऱ’ पुरेसा त्रास देतो. तो एकच चिन्ह म्हणून लिहिता येतो, ‘र’खाली नुक्ता (टिंब) देऊन लिहिता येतो, किंवा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक असाही टाइप होतो. पडद्यावर तिन्ही बहुधा सारखेच दिसतात. लिनक्स नाव टाइप केले तसेच ठेवतो. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम पहिल्या प्रकाराचा दुसरा करून ठेवत असे. त्यामुळे तिथून आलेली यादी समोर दिसत असूनही प्रोग्राम ‘फाइल सापडली नाही’ म्हणतो. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने, म्हणजे समान लेखनांना एकच रूप देण्याच्या नियमाने, पहिले दोन प्रकार एक होतात, तिसरा होत नाही. तो वेगळा बदलावा लागतो.

एकाहून जास्त बाइटांच्या संख्येत क्रमाचा प्रश्न असतो: ७०० ही संख्या २, १८८ अशी लिहून उलट्या क्रमाने वाचली तर ४८,१३० होते. आजचे बहुतेक प्रोसेसर एकाच क्रमाचे असल्याने ही अडचण आता मुख्यतः जुन्या फाइलींपुरती आणि नेटवर्कवरून येणाऱ्या माहितीपुरती उरली आहे.

युनिकोडपूर्वीच्या मराठी फाइलींचे काम मात्र वेगळे आहे. १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून इस्की हे भारतीय लिप्यांसाठीचे एन्कोडिंग आले, तरी छापखान्यांत आणि डीटीपी केंद्रांत फॉन्टवर आधारलेली लेखनपद्धतच चालली. तिथे बाइट अक्षर दाखवत नाही, फॉन्टमधला आकार दाखवतो: काना वेगळा, रफार वेगळा, आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी. लातूर-नांदेडच्या एखाद्या जुन्या स्मरणिकेची नुसती टेक्स्ट फाइल मिळाली, तर आधी फॉन्टचे नाव शोधावे लागते. मग त्याच फॉन्टचा तक्ता वापरून आकारांची अक्षरे करायची आणि वेलांटी युनिकोडच्या नियमाप्रमाणे व्यंजनामागे न्यायची.