प्रायश्चित्त आणि उद्धार (ॲक्शन थरारपटांतील)

हातून घडलेल्या पापाची किंवा चुकीची भरपाई करण्यासाठी नायक जीव धोक्यात घालतो, हे ॲक्शन थरारपटांतील एक जुने आणि भक्कम कथासूत्र. यातले दोन शब्द जोडीने येत असले, तरी त्यांचा अर्थ एक नव्हे. प्रायश्चित्त माणूस स्वतः घेतो. उद्धार होणे त्याच्या हाती नसते. एक पुरे होऊनही दुसरे वाट्याला येईलच असे नाही, आणि या प्रकारातल्या चांगल्या कथा नेमक्या याच अंतरावर उभ्या असतात.

नायक बहुधा भाडोत्री मारेकरी, माजी हेर किंवा दारूत बुडालेला पोलीस असतो. त्याला छळणारा जुना प्रसंग वेगळ्या रूपात पुन्हा समोर येतो आणि या वेळी तो वेगळा वागतो. 'इन द लाइन ऑफ फायर' (१९९३) मध्ये ही रचना अगदी उघड दिसते. १९६३ साली डॅलसमध्ये केनेडींवर गोळी झाडली गेली, तेव्हा जागीच थिजलेला अंगरक्षक तीस वर्षांनी दुसऱ्या राष्ट्राध्यक्षांपुढे झेप घेऊन गोळी स्वतःच्या अंगावर घेतो.

हाँगकाँगचे दिग्दर्शक जॉन वू यांचा 'द किलर' (१९८९) याहून खोल जातो. एका गोळीबारात मारेकऱ्याच्या हातून क्लबमधल्या गायिकेची दृष्टी अधू होते. तिच्या शस्त्रक्रियेचा खर्च उभा करायला तो शेवटची एक सुपारी घेतो. आपण मेलोच, तर आपले डोळे तिला द्यावेत असेही सांगून ठेवतो. अखेरच्या चकमकीत गोळ्या लागतात त्या नेमक्या त्याच्याच डोळ्यांना. दोघेही आंधळे, एकमेकांना हाका मारत जमिनीवरून सरपटतात आणि एकमेकांना न सापडता जवळून निघून जातात. त्याने सर्वस्व दिले, पण तिला दृष्टी मिळाली नाही. या सूत्राचे इतके प्रामाणिक आणि इतके निष्ठुर चित्रण क्वचितच सापडते.

'मॅन ऑन फायर' (२००४) मधला अंगरक्षक अपहृत मुलीच्या बदल्यात स्वतःला अपहरणकर्त्यांच्या हवाली करतो. तिथे मात्र मुलगी परत मिळते.

या सूत्रावरचा मोठा आक्षेप साधनाबद्दलचा आहे: हिंसेचे पाप हिंसेनेच कसे फिटावे? वर उल्लेखिलेल्या कथांत नायकाला शेवटी स्वतःच्या देहाने किंमत मोजावी लागते, म्हणून त्या पटतात. 'डाय हार्ड' (१९८८) मध्ये तसे घडत नाही. खेळण्यातल्या बंदुकीमुळे गैरसमज होऊन एका पोलिसाच्या हातून १३ वर्षांचा मुलगा गोळीला बळी पडलेला असतो आणि तेव्हापासून त्याला कोणावरही पिस्तूल रोखता येत नाही. शेवटी तो पुन्हा गोळी झाडून एका गुंडाला ठार करतो, आणि चित्रपट हाच क्षण त्याच्या सावरण्याचा म्हणून दाखवतो. त्या मुलाचे नाव मात्र प्रेक्षकाला कळत नाही.