वरची अंगारा म्हणजे अंगाराचा वरचा भाग नव्हे

सैबेरियातल्या बैकाल सरोवराबद्दल लिहिताना पुष्कळ जण ठोकून देतात की अंगारा नदी उत्तरेकडून सरोवरात शिरते आणि दक्षिणेकडून बाहेर पडते. हे साफ चूक आहे. उत्तरेकडून शिरते ती वरची अंगारा, दक्षिणेकडून निघते ती अंगारा; त्या दोन वेगळ्या नद्या आहेत.

अंगारा बहुतेकांना ठाऊक असते: बैकालमधून बाहेर पडणारी एकमेव नदी, इर्कुत्स्क आणि ब्रात्स्कची धरणं, १७७९ किलोमीटर वाहून येनिसे नदीला मिळणारी. वरची अंगारा त्या मानाने लहान, ४३८ किलोमीटरची. देल्यून-उरान डोंगररांगेत उगम पावते आणि नैर्ऋत्येला उतरते. सपाटीला लागली की दलदलीतून वळणं घेत, मागे तळी नि सोडलेली पात्रं ठेवत जाते. मुखाशी किचेरा नदीबरोबर तिचा एकच त्रिभुज प्रदेश आहे. त्याच्यापुढे यार्की हे वाळूचं लांबट, चिंचोळं बेट आडवं पसरलंय. आतलं पाणी उथळ, बाहेर बैकाल. सरोवरातला ओमूल मासा अंडी घालायला याच नदीत वर चढतो.

"पण पाणी शेवटी तेच ना?" या प्रश्नातच सगळा घोळ आहे. बैकालमध्ये सुमारे २३,६०० घन किलोमीटर पाणी आहे आणि अंगारा वर्षाला त्यातलं साधारण ६० घन किलोमीटर बाहेर नेते. म्हणजे आत आलेलं पाणी सरासरी तीनशेहून अधिक वर्षं तिथेच राहतं. १६४२ मीटर खोल सरोवराला नदीचा फुगवटा समजणं मला अजिबात पटत नाही. शिवाय बैकालला येणाऱ्या नद्यांच्या पाण्यापैकी निम्मं एकटी सेलेंगा नदी आणते. अंगाराची रेघ सरोवरापलीकडे ओढायचीच असेल तर ती सेलेंगावरून मंगोलियात जाईल. येनिसेची ५५३९ किलोमीटर लांबी मोजतात ती याच वाटेने, सेलेंगा आणि तिच्या वरची इदेर नदी धरून. वरच्या अंगाराला त्या हिशेबात जागाच नाही.

थंडीतही फरक डोळ्यांना दिसतो. वरची अंगारा गोठून पडते, तर अंगाराचा उगमाजवळचा पट्टा ऐन हिवाळ्यातही वाहता असतो, कारण तिथे सरोवराच्या खोलातलं, त्यामानाने उबदार पाणी वर येतं. पाणपक्षी तिथे हिवाळा काढतात.

नावांचा गुंता एवढ्यावर थांबत नाही. निझ्नेअंगार्स्क म्हणजे 'खालच्या अंगारावरचं' गाव, पण ते आहे वरच्या अंगाराच्या मुखाजवळ, बैकालच्या उत्तर टोकाला. त्याला इर्कुत्स्कच्या शेजारी बसवू नका.