क्रायकोथायरॉइडोटॉमी

कंठमण्याच्या खाली, थायरॉइड आणि क्रिकॉइड या दोन कूर्चांच्या मधे जो पातळ पडदा असतो त्याला छेद देऊन श्वासनलिकेत ट्यूब घालायची तातडीची शस्त्रक्रिया. पेशंटला तोंडातून ट्यूब जात नाही, मास्कने किंवा दुसऱ्या साधनानेही ऑक्सिजन पोचत नाही, तेव्हाच ही करतात. ट्रेकिऑस्टॉमी (श्वासनलिकेलाच भोक पाडून ट्यूब घालणं) याच्या खाली, श्वासनलिकेच्या कड्यांमधे होते आणि तिला वेळ लागतो.

सुरुवात कोणी केली याबद्दल गोंधळ आहे. बऱ्याच ठिकाणी फ्रेंच शरीररचनाकार व्हिक दाझिर आणि १८०५ साल असं छापलेलं असतं, पण हा माणूस १७९४ मधेच वारला, १८०५ हे त्याच्या ग्रंथसंग्रहाच्या प्रकाशनाचं साल, त्यामुळे कल्पना १८व्या शतकातली धरणं जास्त बरोबर. सुश्रुत किंवा ऋग्वेदापर्यंत जे धागे नेले जातात ते झालेच तर श्वासनलिका उघडण्याबद्दलचे, या पडद्याबद्दलचे नाहीत.

१९२१ मधे अमेरिकेतल्या शेव्हलिए जॅक्सन या घशाच्या डॉक्टरने गळ्यात वरच्या बाजूला छेद घेण्यावर कडक टीका केली, कारण त्याच्याकडे येणाऱ्या स्वरयंत्र आकसलेल्या पेशंटमधे असे छेद घेतलेलेच खूप होते. त्याचा दबदबा एवढा की पुढची पन्नासेक वर्षं सर्जन या जागेला हातच लावेनात. १९७६ मधे ब्रँटिगन आणि ग्रो या अमेरिकन सर्जननी ६५५ पेशंटचा अनुभव मांडला, त्यात आकसण्याचा त्रास जवळपास नव्हताच. जॅक्सनच्या पेशंटमधे घशाचा दाह आधीपासून होता, हा त्यांचा मुद्दा पटण्यासारखा आहे.

आता वाद पडदा सुईने भोसकायचा की ब्लेडने कापायचा असा आहे. श्वासमार्गाच्या गुंतागुंतींबद्दलच्या ब्रिटनच्या २०११ च्या राष्ट्रीय पाहणीत सुईचा मार्ग सुमारे ६० टक्के वेळा फसला, ब्लेडचा क्वचितच (अर्थात पाहणीत फक्त गंभीर केसेस होत्या). म्हणून तिथल्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्यांसाठी ब्लेड, बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी पातळ लवचिक काडी) आणि ६ नंबरची कफवाली (टोकाजवळ फुगवायचा फुगा असलेली) ट्यूब एवढंच ठेवलं होतं: पडद्यात आडवा छेद, ब्लेड ९० अंशात फिरवायचं, त्याच्या कडेने बूजी सरकवायची, बूजीवरून ट्यूब. पडदा हाताला लागत नसेल, जाड मानेत असं होतंच, तर आधी मधोमध ८ ते १० सेंटिमीटरचा उभा छेद. भारतातल्या भूलतज्ज्ञांच्या २०१६ च्या सूचनांतही ही शस्त्रक्रिया शेवटची पायरी म्हणून आहे.

लहान मुलांत हा पडदा फारच छोटा, म्हणून ब्लेड कोणत्या वयापासून चालवावं याची मर्यादा प्रत्येक पुस्तकात वेगळी. नंतर ७२ तासांत ट्रेकिऑस्टॉमी करायची प्रथा आहे, तिला पुरावा मात्र तोकडाच.