कोकणातली कुस्ती : जत्रेचा फड ते वरळीची रिंग

कुस्तीचा विषय निघाला की बोलणं घाटावर जातं. कोल्हापूरच्या खासबागेचं मैदान १९१२ चं, मागे राजाश्रय, तालमी, खुराक. कोकणाच्या वाट्याला यातलं फार थोडं आलं. चार महिने पाऊस, दूधदुभतं बेताचं, तरणी पोरं मुंबईला. तरी अलिबाग-पेण पट्ट्यात जत्रेतले कुस्तीचे फड टिकले. तळकोकणात जत्रेची रात्र दशावताराच्या नाटकाने घेतली.

बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’मध्ये मल्लयुद्ध राजाच्या करमणुकींत, ‘मल्लविनोद’ म्हणून येतं. म्हणजे आधी शुद्ध खेळ होता आणि करमणूक पुढे शिरली, ही समजूत तेवढी पक्की नाही.

खरा घोळ बरोबरीचा. जुन्या फडात कुस्तीला वेळेची मर्यादा नसे. पाठ मातीला लागली तरच निकाल. जोडी तोडीस तोड असली की नुसती खडाखडी चाले, शेवटी पंच मध्ये पडून कुस्ती बरोबरीत सोडवत आणि इनाम दोघांत वाटलं जाई. संशय इथेच शिरला. चितपट झालेल्याचा पुढच्या जत्रेतला भाव उतरतो, बरोबरीत दोघांचाही राहतो. जोड आधी लावलेली असते, मग निकालही लावलेला कशावरून नाही, ही कुजबुज फडाइतकीच जुनी असावी. पत्रकांवर ‘निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान’ छापतात ते याच शंकेला उत्तर म्हणून. वेळ संपली की गुणांवर निकाल, हाही त्यातलाच उपाय. जुन्या वस्तादांना तो पटत नाही : पाठ टेकली नाही, तर गडी पडला कसा? मुद्दा खोटा नाही. पण वर्गणी देणारा गावकरी हात हलवत घरी जायला तयार नसतो, आणि मला त्याचीच बाजू रास्त वाटते.

इकडे चाकरमान्यांची मुंबई वेगळंच पाहत होती. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी फ्रीस्टाइलमध्ये कांस्य जिंकलं. त्याच काळात मुंबईत दुसऱ्याच प्रकारची फ्रीस्टाइल गर्दी खेचू लागली. तिचा अड्डा वरळीचं स्टेडियम : दोरांची रिंग, परदेशी राक्षसी देहाचे मल्ल, तिकिटं. पुढे घराघरात हनुमान म्हणून पोचलेल्या पंजाबी पहिलवान दारासिंगने १९६८ मध्ये मुंबईतच अमेरिकन जगज्जेत्या लू थेझला हरवलं. ‘हे खरं की ठरवून?’ यावर गिरणगावात वाद रंगत, आणि गणपतीला गावी गेलेला माणूस तो वादही सोबत नेई.

दशावतार पाहिलेल्याला ठरलेल्या निकालाचं वावडं नसतं. राक्षस मरणार हे पोरासोरांनाही ठाऊक, तरी मृदंग-झांजेवर चाललेलं युद्ध पाहायला माणसं पहाटेपर्यंत बसतात. त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही. राग येतो तो नाटक खेळ म्हणून विकलं की. अशा रिंगमधल्या कुस्त्या भरवणाऱ्या अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या कंपनीने, डब्ल्यूडब्ल्यूएफने, १९८९ मध्ये न्यू जर्सीच्या कायदेमंडळापुढे आपण करमणूक करतो, खरी स्पर्धा नव्हे, असं स्वतःच सांगितलं. परवाने आणि कर टाळायचे होते. गंमत म्हणजे नव्वदीत केबलवरून तीच झुंज कोकणात पोचली तेव्हा त्या मल्लांच्या चित्रांची ट्रम्प कार्ड खेळणारी पोरं ती खरी मानून भांडत होती.

मातीच्या कुस्तीचा वाद आता गादीवर, म्हणजे मॅटवर, गेला आहे. १९६१ पासून चाललेल्या ‘महाराष्ट्र केसरी’ या राज्याच्या मानाच्या किताबासाठी माती आणि गादी असे दोन गट लढतात. २०२५ मध्ये अहिल्यानगरला गादी गटाच्या अंतिम कुस्तीत पाठ टेकली की नाही यावर भडका उडाला. पराभूत मल्लाने पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षं निलंबित झाला. रायगडातला पोरगा मात्र दोन्हीकडे लढतो. निवड चाचणी गादीवर, कारण खेळाडू कोट्यातल्या नोकरीची वाट तिथून जाते; जत्रेतलं इनाम मात्र मातीतच.