ताटाची डावी बाजू

रिपोर्टवर हिमोग्लोबिन ९.२ आलं, तेव्हा मावशीला पटेचना. "रोज बाजरीची भाकरी खाते, पालेभाजी खाते, मटकीची उसळ असते. मग माझ्यात रक्त कमी कसं?" तिचा प्रश्न रास्त होता. बाईचं हिमोग्लोबिन निदान १२ तरी हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. यातल्या कितीतरी जणी मावशीसारख्याच, दोन वेळा पोटभर जेवणाऱ्या असणार.

हिमोग्लोबिन बनायला लोह लागतं. बहुतेक जीवनसत्त्वं, आयोडीन, काही अमिनो आम्लं यांच्याप्रमाणेच लोहही शरीराला स्वतः बनवता येत नाही, ते अन्नातूनच यावं लागतं. पण ताटात आलं म्हणजे रक्तात गेलं, असं होत नाही. आपल्या अंगात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम लोह असतं, एका लहानशा खिळ्याएवढं. तांबड्या पेशी साधारण १२० दिवसांनी मरतात, तेव्हा त्यांच्यातलं लोह शरीर जपून काढून घेतं आणि नव्या पेशींसाठी पुन्हा वापरतं. जास्तीचं लोह बाहेर टाकायची मात्र सोय शरीराकडे नाही, आणि साठून राहिलं तर ते घातक ठरतं. म्हणून सगळा बंदोबस्त आत येण्याच्या दारावरच, लहान आतड्यात, केलेला असतो.

मांस-मासळीतलं लोह त्या दारातून बऱ्यापैकी सहज आत जातं. धान्य, कडधान्य आणि पाल्यातलं लोह अडतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत स्त्रीसाठी रोज २९ मिलिग्रॅम लोह सांगितलंय, पण शरीराची खरी गरज असते जेमतेम दोन-अडीच मिलिग्रॅमची. ताटातल्या लोहातलं आठेक टक्केच अंगी लागेल, असं धरूनच हा हिशेब मांडलेला आहे.

अडवतं कोण? एक म्हणजे फायटिक आम्ल. रोपाला पुढे लागणारं फॉस्फरस बी या आम्लाच्या रूपात साठवून ठेवतं, आणि हे आम्ल लोहालाही धरून बसतं. मटकी भिजवून फडक्यात बांधली की बी जागं होतं आणि स्वतःचं हे कुलूप स्वतःच उघडू लागतं. त्यासाठी लागणारं विकर (एन्झाइम) अंकुरताना वाढतं. आंबोळीचं पीठ आंबतं तेव्हाही फायटिक आम्ल कमी होतं. मोड आणण्याची आपली जुनी रीत मला म्हणूनच फार मोलाची वाटते.

दुसरा अडथळा चहाचा. मावशी जेवून उठली की लगेच कपभर चहा घेते. त्यातली टॅनिन नावाची तुरट द्रव्यं पोटात लोहाला चिकटतात आणि शोषण निम्म्यावरही येऊ शकतं. चहा सोडायची गरज नाही, तास-दीड तास थांबलं तरी खूप फरक पडतो.

आणि मदतीला असते ताटाची डावी बाजू. तिथली लिंबाची फोड नुसती चवीपुरती नाही. वनस्पतींतलं लोह बहुतेक फेरिक रूपात असतं. क जीवनसत्त्व त्याचं फेरस रूप करतं, आणि आतडं तेच आत घेतं. लिंबू पानात वाढल्यावर पिळावं, कारण उकळत्या उसळीत क जीवनसत्त्वाचा बराच नाश होतो. लिंबू नसेल तर पेरूची फोड किंवा कच्च्या आवळ्याची चटणी घ्यावी. क जीवनसत्त्व लोहासोबत त्याच जेवणात पोटात असलं पाहिजे, सकाळी खाल्लेला पेरू रात्रीच्या भाकरीला कामी येत नाही.

तरीही हिमोग्लोबिन ९.२ असताना नुसत्या लिंबावर भागत नाही. पाळीत दर मिलिलिटर रक्तामागे अर्धा मिलिग्रॅम लोह जातं, ती तूट गोळीनेच लवकर भरून निघते. रक्तक्षय ब-१२ किंवा फोलेट ही जीवनसत्त्वं कमी पडल्यानेही होतो, त्यामुळे तपासणी करून डॉक्टरांना विचारूनच गोळी घ्यावी. मावशीने चौथ्या दिवशीच गोळी बंद केली होती, शौचाला काळी झाली म्हणून घाबरून. तो न शोषलेल्या लोहाचा रंग असतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आता ती गोळी लिंबूपाण्यासोबत घेते, आणि चहा साडेतीनला.